खाच-खुंटीचे सिमेंट ब्लॉक : ब्लॉकचा आराखडा आणि काळ्या जमिनीवरील बांधणी



सोयाबीन व तुरीचा माल घरात आला की जागेची अडचण सुरू होते. पोती ओसरीवर राहतात, ओल धरतात आणि मग मिळेल त्या भावात माल विकावा लागतो. म्हणून वाशीम जिल्ह्यातील रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा अशा सर्वच तालुक्यांत शेतकरी शेतावर किंवा घराशेजारी लहानसे गोदाम, गोठा अथवा दोन खोल्यांचे शेतघर बांधण्याचा विचार करतो. भाजलेली चांगली वीट दुरून आणावी लागते आणि वाळूही सहजासहजी मिळत नाही. अशा वेळी एकमेकांत अडकणारे म्हणजे खाच-खुंटीचे सिमेंट ब्लॉक सोयीचे वाटतात. सांध्यात मसाला लागत नाही, काम लवकर उरकते आणि घरचे मजूरही हात लावू शकतात. हे सर्व खरे आहे. मात्र त्याबरोबर एक गैरसमजही पसरतो. ब्लॉक एकमेकांत अडकले म्हणजे भिंत आपोआप मजबूत झाली, आता सळई नको आणि खोल पायाही नको, असे समजले जाते. हा समज महागात पडतो. ब्लॉकचे कुलूप काय धरते आणि काय धरत नाही, हे समजून घेऊनच ब्लॉकचा आराखडा व बांधकाम करावे. त्यासाठी आवश्यक माहिती या लेखात दिली आहे.

येथे रस्त्यावर किंवा अंगणात बसवतात त्या नागमोडी गट्टूंविषयी लिहिलेले नाही. ते गट्टू जमिनीवर पसरण्यासाठी असतात. भिंतीच्या ब्लॉकला वरच्या अंगाला खुंटी आणि खालच्या अंगाला तिला बसेल अशी खाच असते.

किल्लारीचा धडा

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत किल्लारी परिसरात भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्या काळच्या नकाशात हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तेथील घरांच्या भिंती बारीक नव्हत्या. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती होत्या, पण दगड मातीत बसवलेले होते. आतला व बाहेरचा दगड एकमेकांना धरून नव्हता, भिंतीला भिंत बांधलेली नव्हती आणि डोक्यावर मातीच्या धाब्याचे मोठे ओझे होते. हादरा बसताच भिंतीच्या दोन्ही बाजू फुटून बाहेर पडल्या व धाबे खाली आले.

यावरून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भिंत किती जाड आहे यापेक्षा ती किती बांधलेली आहे, हे महत्त्वाचे असते. पुनर्वसनात वसवलेल्या नव्या गावांमधील अनेक घरे सिमेंटच्या ब्लॉकची बांधली गेली. त्यांची भिंत जुन्या भिंतीपेक्षा कितीतरी बारीक होती, पण तिला काँक्रीटचे आडवे पट्टे व उभ्या सळया होत्या.

खाच-खुंटीच्या ब्लॉकचा अनुभवही असाच आहे. थायलंडमध्ये १९८० नंतरच्या काळात ३०० × १५० × १०० मि.मी. मापाचे असे ब्लॉक प्रचारात आले. २००१ च्या भूज भूकंपानंतर कच्छमध्ये आणि २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळमध्ये एकमेकांत अडकणाऱ्या दाबलेल्या माती-सिमेंटच्या विटांची घरे बांधली गेली. या घरांत ब्लॉकच्या भोकांतून सळई घातलेली असते व भिंतीवर आडवे पट्टे असतात. नुसत्या कुलपावर ती उभी नाहीत.

कुलूप काय धरते?

खुंटी खाचेत बसली की वरचा ब्लॉक खालच्या ब्लॉकवरून पुढे-मागे किंवा बाजूला सरकत नाही. रद्दा सरळ येतो, दोरीचे काम कमी होते. कुलपाचे काम एवढेच आहे. वरचा ब्लॉक सरळ वर उचलला तर तो सहज निघतो. म्हणजेच कुलूप आडवे धरते, उभे धरत नाही.

भिंतीला नेमका धोका कशाचा असतो, हे थोड्या हिशेबाने पाहू. ३०० × १५० × १५० मि.मी. मापाचा, दोन भोके असलेला ब्लॉक सुमारे १३.५ किलोचा होतो. तीन मीटर उंच भिंतीत २० रद्दे येतात, म्हणून सर्वांत खालच्या ब्लॉकवर साधारण २७० किलो भार येतो. या आकाराच्या चांगल्या ब्लॉकने दर चौरस सेंटिमीटरला ४० किलो दाब सोसला, तर तो एकटा १८ टनांवर चुरडतो. वर छताचा भार आला तरीही ब्लॉक वजनाने चिरडण्याची भीती नाही.

भीती वेगळ्याच बाजूने आहे :

(१) वादळात पत्र्याच्या छताला दर चौरस मीटरला सुमारे १०० किलोपर्यंत वर उचलणारा जोर बसू शकतो. ६ × ३.६ मीटरच्या खोलीवर तो दोन टनांहून अधिक होतो. त्या खोलीच्या भिंतीचे वरचे दोन रद्दे मिळून वजन १,७०० किलोसुद्धा भरत नाही. छत वरच्या दोन रद्द्यांनाच बांधले असेल तर ते ब्लॉकसह उडेल.

(२) सोयाबीनचा सुटा ढीग भिंतीला सहा फूट टेकवला, तर साधारण हिशेबाने भिंतीच्या दर मीटर लांबीवर अर्ध्या टनाचा आडवा रेटा बसतो.

(३) काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. पाया वर-खाली झाला की ब्लॉकचे सांधे पायरीपायरीने उघडतात.

(४) भूकंपाचा हादरा भिंतींना एकमेकींपासून वेगळे करू पाहतो.

या चारही संकटांत कुलूप एकटे पुरे पडत नाही. त्यासाठी पाया, पट्टे आणि उभी सळई पाहिजे. चांगला ब्लॉक म्हणजे ज्यात या तिन्हींची सोय आराखड्यातच केलेली आहे असा ब्लॉक.

ब्लॉकचा आराखडा

लांबी रुंदीच्या दुप्पट : ब्लॉकची लांबी ३०० मि.मी. व रुंदी १५० मि.मी. ठेवावी. लांबी बरोबर दुप्पट असली की कोपऱ्यावर एका रद्द्यातील ब्लॉक आडवा व पुढच्या रद्द्यातील उभा बसवता येतो आणि कोपऱ्यासाठी वेगळा ब्लॉक लागत नाही. उंची १५० मि.मी. ठेवल्यास एक माणूस दोन्ही हातांनी ब्लॉक आरामात उचलतो.

भोकांची जागा : प्रत्येक ब्लॉकला ६० मि.मी. व्यासाची दोन उभी आरपार भोके असावीत. भोकाचा मध्य ब्लॉकच्या टोकापासून ७५ मि.मी. आणि कडेपासूनही ७५ मि.मी. यावा. दुसरा रद्दा अर्धा ब्लॉक सरकवून बसवला तरी भोकावर भोक येते. कोपऱ्यावरही हेच जुळते. त्यामुळे जोत्यापासून छतापर्यंत एक सरळ नळी तयार होते व तिच्यातून सळई घालता येते. भोकांची जागा पाच-सात मि.मी. जरी चुकली तरी ही नळी अरुंद होते. ब्लॉक विकत घेताना दोन ब्लॉक अर्धे सरकवून व दोन ब्लॉक काटकोनात ठेवून भोके जुळतात का, हे प्रथम पाहावे.

खुंटी व खाच : प्रत्येक भोकाभोवती १०० मि.मी. व्यासाची गोल, १२ मि.मी. उंच खुंटी ठेवावी. खुंटीच्या कडा उतरत्या असाव्यात. उभ्या कडा साच्यातून निघताना तुटतात. खालची खाच खुंटीपेक्षा प्रत्येक बाजूस २ मि.मी. मोठी आणि ३ मि.मी. अधिक खोल असावी. खाच उथळ झाली तर ब्लॉक आपल्या सपाट अंगावर न टेकता खुंटीवर टेकतो, डुलतो आणि भार आल्यावर खुंटी चिरते. भार सपाट अंगाने घ्यावा, खुंटीने घेऊ नये. खाच फार मोठी केली तर कुलूप सैल होते.

दोन्ही बाजू सारख्या : ब्लॉक टोकाचा टोकाकडे फिरवला तरी तो तसाच बसला पाहिजे. याचा उपयोग पुढे सांगितला आहे.

जोडीचे ब्लॉक : नुसत्या पूर्ण ब्लॉकवर घर होत नाही. दारे-खिडक्यांच्या कडेला १५० मि.मी. लांबीचे अर्धे ब्लॉक लागतात. आडव्या पट्ट्यासाठी वरून उघड्या पन्हाळीसारखा यू ब्लॉक लागतो. त्याची पन्हाळ ९० मि.मी. रुंद व १०० मि.मी. खोल असावी आणि तळाला उभ्या सळईसाठी भोके असावीत. जो विक्रेता अर्धे व यू ब्लॉक देत नाही, त्याच्याकडचा माल घेतल्यास गवंडी ब्लॉक फोडून काम भागवतो व पट्टा गाळतो.

एका मिलिमीटरची किंमत

साध्या सिमेंट ब्लॉकसाठी भारतीय मानक आयएस २१८५ (भाग १) मध्ये लांबीत ५ मि.मी. आणि रुंदी व उंचीत ३ मि.मी. कमी-जास्त फरक चालतो. मसाल्याच्या सांध्यात तो फरक भरून निघतो. कोरड्या बांधणीत सांधाच नाही, म्हणून उंचीतील फरक एका मि.मी.च्या आत ठेवावा लागतो.

समजा साचा झिजल्यामुळे प्रत्येक ब्लॉक एका कडेने १ मि.मी. जास्त उंच निघतो. पहिल्या ब्लॉकवर बसलेला दुसरा ब्लॉक आपल्या उंचीत १ मि.मी. कलतो, तिसरा २ मि.मी., चौथा ३ मि.मी. आणि विसावा १९ मि.मी. कलतो. १ ते १९ ची बेरीज १९० होते. म्हणजे तीन मीटर उंचीवर भिंत १९ से.मी. ओळंब्याबाहेर जाते! ब्लॉकची रुंदीच १५ से.मी. असल्याने ती भिंत त्याआधीच पडेल.

यावर तीन उपाय करावेत. पहिला, एका रद्द्यात ब्लॉक जसा बसवला असेल त्याच्या उलट, म्हणजे टोके फिरवून, पुढच्या रद्द्यात बसवावा. एकीकडची चूक दुसरीकडे फिटते. दोन्ही बाजू सारख्या ठेवायच्या त्या याचसाठी. यासाठी साच्यातून निघतानाच ब्लॉकच्या एकाच टोकाला खुणेची रेघ उठेल अशी सोय करावी. दुसरा, दर चार-पाच रद्द्यांनंतर ओळंबा व पाणसळ लावून पाहावी आणि फरक आढळल्यास तेवढ्या रद्द्याखाली सिमेंटचा पातळ थर देऊन तो काढून टाकावा. तिसरा, ब्लॉक ताब्यात घेण्यापूर्वी सपाट फरशीवर दहा ब्लॉक एकावर एक, फिरवाफिरव न करता ठेवावेत. चारही कोपऱ्यांवर उंची मोजावी. कोपऱ्या-कोपऱ्यांत ५ मि.मी. पेक्षा जास्त फरक आढळला तर तो माल कोरड्या बांधणीसाठी घेऊ नये.

साचा व मिश्रण

खाच-खुंटीचा ब्लॉक साध्या ब्लॉकप्रमाणे सपाट ओट्यावर टाकून होत नाही, कारण खालच्या अंगाला खाच उठवावी लागते. त्यासाठी साच्याच्या तळाला खाचेच्या आकाराची लोखंडी पाटी लागते. ओला ब्लॉक त्याच पाटीवर दुसऱ्या दिवसापर्यंत राहू द्यावा. म्हणजे एका दिवसात जितके ब्लॉक काढायचे तितक्या पाट्या पाहिजेत. गटाने मिळून यंत्र घेणार असाल तर यंत्राच्या किमतीबरोबर पाट्यांचा खर्चही विचारात घ्यावा.

मिश्रण मापाने घ्यावे : १ भाग सिमेंट, ३ भाग धुतलेली चुरी किंवा रेती व ४ भाग बारीक गिट्टी. ब्लॉकच्या कडेची जाडी कमी असल्याने गिट्टी ६ ते ८ मि.मी. पेक्षा मोठी नसावी. चुरीत मातकट धूळ जास्त असल्यास ब्लॉक पाणी पितो व ठिसूळ होतो. पाणी बेताचे घालावे. मिश्रणाचा मुठीत गोळा झाला पाहिजे, पण हाताला पाणी सुटता कामा नये. जास्त पाण्याने ब्लॉक साच्यातून काढताना बसतो आणि त्याची उंची बदलते.

या प्रमाणात एका ५० किलोच्या पोत्यात वर सांगितलेल्या मापाचे सुमारे ३० ब्लॉक निघतात. कोणी एका पोत्यात ४५-५० ब्लॉक काढत असेल तर सिमेंट कमी पडले आहे असे समजावे.

पारसच्या औष्णिक वीज केंद्रातील राख आपल्या भागात वापरली जाते. राख चांगली असते, मात्र बाजारातील पीपीसी सिमेंटमध्ये ती कारखान्यातच मिसळलेली असते. अशा सिमेंटमध्ये आणखी राख मिसळून सिमेंट वाचवू नये. राखेच्या ब्लॉकला ताकद सावकाश येते, म्हणून पाणीही जास्त दिवस द्यावे.

ब्लॉक दुसऱ्या दिवसापासून निदान १४ दिवस सतत ओले ठेवावेत. ते सावलीत रचून वर गोणपाट टाकावे. सकाळ-संध्याकाळ नुसता शिडकावा वैशाखात पुरत नाही. त्यानंतर ते वाळू द्यावेत व साधारण चार आठवडे झाल्याशिवाय वापरू नयेत. ओला ब्लॉक भिंतीत गेल्यावर आकसतो व बारीक भेगा पडतात. हजारभर ब्लॉकचे काम असेल तर त्यांतील काही ब्लॉक जवळच्या तंत्रनिकेतनात किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात दाब तपासणीसाठी द्यावेत. भार घेणाऱ्या घन ब्लॉकची ताकद दर चौरस सेंटिमीटरला सरासरी ४० ते ५० किलो आली पाहिजे. ब्लॉक २४ तास पाण्यात ठेवल्यावर त्याचे वजन १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढू नये. ही दुसरी तपासणी घरी तराजूवरही करता येते.

काळ्या जमिनीतील पाया

मातीच्या भिंतीला किंवा मसाल्याच्या विटेला थोडे वर-खाली झालेले सोसते. कोरड्या ब्लॉकची भिंत मात्र पायातील लहानशी हालचालही लगेच दाखवते. म्हणून या बांधणीत पायावर काटकसर करू नये.

प्रथम जागेवर एक खड्डा खणून मुरूम किती खोलीवर लागतो ते पाहावे. मुरूम पाच-सहा फुटांच्या आत लागत असेल तर काळी माती पूर्ण काढून, मुरमात निदान अर्धा फूट शिरून पाया घ्यावा. तळाला १५ से.मी. जाडीचे १:४:८ चे काँक्रीट टाकून वर सिमेंटच्या मसाल्यात दगडी काम जोत्यापर्यंत आणावे. चराच्या मोकळ्या बाजू खणून काढलेल्या काळ्या मातीने न भरता मुरमाने भराव्यात व पाणी मारून धुम्मसाने ठोकाव्यात. भर उन्हाळ्यात भेगाळलेल्या जमिनीवर दोन फुटांचा उथळ पाया घेतला, तर पहिल्याच पावसाळ्यात माती फुगून जोते उचलते.

मुरूम फार खोल असेल तर तळाशी फुगीर केलेल्या काँक्रीटच्या खुंट्यांचा पाया घेतात. रुरकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या जमिनीसाठी ही पद्धत विकसित केली. या खुंट्या साधारण साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल, म्हणजे ज्या थरात उन्हाळ्या-पावसाळ्याने ओल बदलत नाही तेथपर्यंत नेतात. हे काम अभियंत्याच्या सल्ल्यानेच करावे.

जोते जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच ठेवावे. भिंतीभोवती एक मीटर रुंदीची, बाहेर उतार असलेली फरसबंदी करावी. छताचे पाणी पायाशी मुरू देऊ नये. निंब, बाभूळ अशी झाडे भिंतीला लागून ठेवू नयेत; त्यांची मुळे पायाखालची ओल ओढून घेतात.

बांधणीचा क्रम

(१) जोत्याचा पट्टा : दगडी कामावर १५ से.मी. उंचीचा सलग काँक्रीटचा पट्टा टाकावा. त्यात १० मि.मी.च्या दोन सळया व दर १५ से.मी.ला ६ मि.मी.ची कडी द्यावी. प्रत्येक कोपऱ्यावर सळई वळवून दुसऱ्या भिंतीत निदान ५० से.मी. न्यावी. पट्टा कोपऱ्यावर तुटला तर त्याचा उपयोग राहत नाही.

(२) उभ्या सळया : १० मि.मी.ची उभी सळई पायात रोवून या पट्ट्यातून वर काढावी. ती प्रत्येक कोपऱ्यात, दोन भिंती मिळतात तेथे, दारे-खिडक्यांच्या दोन्ही कडांना व सरळ भिंतीत दर चार ब्लॉकला एक द्यावी. सळई बाहेरच्या कडेपासून बरोबर ७५ मि.मी.वर यावी. येथे चूक झाली तर ब्लॉक सळईत बसत नाही आणि मग मजूर सळई वाकवतात किंवा कापतात. तसे करू देऊ नये. सळई जोडताना ६० से.मी. एकावर एक घ्यावी.

(३) पहिला रद्दा : हा रद्दा १:४ च्या मसाल्यावर बसवावा. त्यासाठी पूर्ण दिवस गेला तरी चालेल. गुण्या, दोरी व पाणसळ लावून कोपरे काटकोनात व रद्दा एका पातळीत आणावा. येथील चूक विसाव्या रद्द्यापर्यंत जाते.

(४) भोके भरणे : सळई असलेली भोके दर तीन-चार रद्द्यांनंतर भरावीत. त्यासाठी एक भाग सिमेंट, दोन भाग रेती व दोन भाग बारीक गिट्टीचे पातळसर काँक्रीट घ्यावे. आधी भोक ओले करावे आणि काँक्रीट बारीक सळईने कोचावे. पूर्ण भिंत झाल्यावर वरून एकदम ओतलेले काँक्रीट मध्येच अडकते व खाली पोकळी राहते. बाहेरून ती दिसत नाही.

(५) दारावरील पट्टा : १४ रद्द्यांनंतर, म्हणजे २.१ मीटरवर, यू ब्लॉकचा रद्दा सर्व भिंतींवर सलग फिरवावा. कोपऱ्यात यू ब्लॉकची आतील बाजू कापून सळया वळवाव्यात. दारे-खिडक्यांवर यू ब्लॉकखाली १४ दिवस टेकू ठेवावा. या पट्ट्याच्या वरच्या अंगाला खुंटी नसते, म्हणून पुढचा रद्दा मसाल्यावर बसवून पुन्हा पाणसळ करावी.

(६) छताखालचा पट्टा : विसावा रद्दाही यू ब्लॉकचा असावा. कैच्यांचे किंवा पाइपांचे बोल्ट याच पट्ट्यात रोवावेत. उभ्या सळया या पट्ट्यात वाकवून अडकवाव्यात. म्हणजे वादळात छताला बसलेली उचल पट्ट्यातून सळईत व सळईतून पायात जाते. कुलूप जे धरत नाही ते असे धरले जाते.

(७) पुस्ते : सहा मीटर लांब, १५ से.मी. जाड भिंत मध्ये आधाराशिवाय ठेवू नये. मध्यावर काटकोनात एक ब्लॉक बाहेर काढून जोत्यापासून वरच्या पट्ट्यापर्यंत पुस्ता उचलावा व त्यातही सळई द्यावी.

६ × ३.६ मीटरच्या गोदामाचा हिशेब

बाहेरून ६ मीटर (सुमारे २० फूट) लांब, ३.६ मीटर (१२ फूट) रुंद व ३ मीटर उंच अशी एक खोली धरू. दोन्ही मापे ३० से.मी.च्या पटीत आहेत, त्यामुळे ब्लॉक फोडावा लागत नाही. आपल्या खोलीचे मापही असेच पटीत ठरवावे.

– एका रद्द्यात ब्लॉक : चारही भिंती मिळून ६२
– एकूण रद्दे २० : त्यांपैकी १८ साधे व २ यू ब्लॉकचे
– १८ साध्या रद्द्यांत : १,११६ ब्लॉक
– दार १.२ × २.१ मीटर : वजा ५६ ब्लॉक
– दोन खिडक्या ०.९ × १.२ मीटर : वजा ४८ ब्लॉक
– उरले : १,०१२ ब्लॉक. त्यांपैकी ३० अर्धे ब्लॉक घेतल्यास पूर्ण ब्लॉक ९९७ लागतात
– यू ब्लॉक : १२४

फुटतूट ५ टक्के धरून १,०५० पूर्ण, ३२ अर्धे व १३० यू ब्लॉक करावेत. दोन लांब भिंतींच्या दोन पुस्त्यांसाठी सुमारे ५० पूर्ण ब्लॉक वेगळे ठेवावेत. पूर्ण ब्लॉकसाठी साधारण ३५ ते ३७ पोती सिमेंट लागते. तीन पट्टे व उभ्या सळया मिळून १० मि.मी. सळई सुमारे १२० किलो लागते. कड्यांची सळई वेगळी. एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट भिंतीला सुमारे २०६ ब्लॉक बसतात. विटेच्या भिंतीशी तुलना करताना ब्रासच्या दराने करावी. तसे करताना ब्लॉकच्या बाजूला सळई, यू ब्लॉक व भोकांतील काँक्रीट धरावे आणि विटेच्या बाजूला मसाला, जास्तीची मजुरी व तेथेही लागणारे पट्टे धरावेत. सळई वगळून सांगितलेला स्वस्त दर खरा दर नव्हे.

बांधून झाल्यावर

कोरड्या सांध्यांतून वाऱ्याबरोबर पावसाचे पाणी आत येते. म्हणून बाहेरून निदान सांधे सिमेंटने भरावेत. शक्य असल्यास पूर्ण गिलावा करावा. गोदामात आतून गिलावा करणे आवश्यकच आहे. उघड्या सांध्यांत सोंडे व पतंग लपतात, मुंग्या घरटी करतात आणि पुढच्या हंगामाच्या धान्याला तेथूनच कीड लागते. गोठ्यात जनावरांच्या उंचीपर्यंत गिलावा केल्यास भिंत धुता येते.

पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दीड-दोन फूट सोडून रचावीत. सुटे धान्य या भिंतीला टेकवून ओतू नये. तसे साठवायचे असल्यास ती भिंत अभियंत्याकडून वेगळी आखून घ्यावी.

दरवर्षी दोनदा, मे महिन्यात व दसऱ्याच्या सुमारास, भिंतीभोवती एक फेरी मारावी. सांधे पायरीपायरीने उघडताना दिसले तर नुसते सिमेंट भरून झाकू नये. पायाशी पाणी मुरते काय, फरसबंदी फुटली काय, हे पाहून आधी ते दुरुस्त करावे.

शेतकरी बंधूंनो, खाच-खुंटीचा ब्लॉक हा चांगला गडी आहे. तो रांगेत सरळ उभा राहतो, मसाला वाचवतो व काम लवकर उरकतो. पण त्याचे पाय मुरमात रोवलेले पाहिजेत, कमरेला व डोक्याला काँक्रीटचा पट्टा पाहिजे आणि पायापासून डोक्यापर्यंत सळईचा कणा पाहिजे. गवंड्याशी बोलणी करताना दर ठरवण्यापूर्वी ‘पट्टे किती आणि सळई कोठे कोठे?’ हा प्रश्न विचारावा. उत्तर ‘कुलपाच्या ब्लॉकला सळई लागत नाही’ असे आले, तर ते काम त्याला देऊ नये.